जमिनीखालची वाफ आणि जमिनीवरची माणसे

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशात उष्ण पाण्याच्या ३८१ झऱ्यांची नोंद केली आहे आणि भूगर्भातील उष्णतेपासून सुमारे १०,६०० मेगावॅट वीज मिळू शकेल असा सरकारी अंदाज आहे. वीज म्हटली की आपल्याला कोळसा आठवतो, धरण आठवते, अलीकडे सौर पॅनेल आठवते. जमिनीच्या पोटातील उष्णतेवर वीज तयार होते हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. त्यामुळे आपल्या वस्त्यांमध्ये, संघटनांच्या बैठकांमध्ये या विषयाची चर्चा होत नाही. मात्र ज्या विषयाची आपण चर्चा करत नाही, त्याचे निर्णय दुसरेच कोणी तरी घेऊन मोकळे होतात आणि त्याची किंमत मोजण्यासाठी मात्र आपल्याला बोलावले जाते. कोयना धरणाचे विस्थापित आजही पुनर्वसनाच्या हक्कासाठी आंदोलने करीत आहेत. त्यांच्या गावांवर उभ्या राहिलेल्या पाण्यातून १९६२ पासून वीज तयार होते आहे. म्हणून नव्या विजेचा पहिला खड्डा खणला जाण्यापूर्वीच तिचे विज्ञान आणि तिचा कायदा, दोन्ही समजून घेतले पाहिजेत.

आधी विज्ञान पाहू. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे. काही उष्णता पृथ्वीच्या जन्मापासूनची आहे, तर काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या विघटनातून सतत निर्माण होत असते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. एवढ्या हिशेबाने वीज काढायची तर फार खोल जावे लागेल आणि ते परवडणार नाही. परंतु जिथे भूपट्टे एकमेकांपासून दूर सरकतात किंवा एकमेकांवर आदळतात, जिथे ज्वालामुखी आहेत, तिथे वितळलेला खडक पृष्ठभागाच्या बराच जवळ आलेला असतो. अशा ठिकाणी तीन गोष्टी एकत्र आल्या की काम भागते. तापलेला खडक, त्याच्या भेगांमध्ये साठलेले पाणी आणि वरून झाकणासारखा बसलेला अभेद्य थर. झाकण घट्ट असल्यामुळे आतल्या पाण्यावर मोठा दाब असतो. म्हणून ते २५० ते ३०० अंशांपर्यंत तापले तरी उकळत नाही, पाणीच राहते.

या साठ्यापर्यंत एक ते तीन किलोमीटर खोल विहीर खोदली की पाणी वर येऊ लागते. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्यातील काही भागाची एकदम वाफ होते. विलगक नावाच्या मोठ्या टाकीत वाफ आणि पाणी वेगळे केले जाते. वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडली जाते, टर्बाइन फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. म्हणजे औष्णिक केंद्रात जे बॉयलर आणि कोळसा करतात, ते काम इथे पृथ्वीच करते. काम झालेली वाफ थंड करून तिचे पाणी केले जाते आणि ते, तसेच विलगकात उरलेले खारे पाणी, दुसऱ्या विहिरीतून पुन्हा जमिनीत सोडले जाते.

ही झाली सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत. न्यूझीलंडमधील वैराकेई येथे १९५८ साली या पद्धतीचे केंद्र सुरू झाले. त्याही आधीची पद्धत थेट कोरड्या वाफेची. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर छोटे यंत्र चालवून विजेचे दिवे पेटवले आणि १९१३ साली तिथे व्यापारी वीज केंद्र सुरू झाले. तिसरी पद्धत कमी तापमानाच्या पाण्यासाठी आहे. त्यात गरम पाणी टर्बाइनपर्यंत जातच नाही. ते आपली उष्णता आयसोपेंटेनसारख्या, पाण्यापेक्षा कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला देते आणि त्या द्रवाची वाफ टर्बाइन फिरवते. अलास्कातील चेना येथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर या पद्धतीने वीज तयार करण्यात आली. आपल्या कोकणातील झऱ्यांचा विचार करायचा तर याच पद्धतीचा करावा लागेल.

या विजेचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. सूर्य मावळला की सौर वीज थांबते, वारा पडला की पवनचक्की थांबते. जमिनीखालची उष्णता मात्र रात्रंदिवस, बारा महिने मिळते. कोळसा जाळावा लागत नाही, राखेचे डोंगर साचत नाहीत, हवेत जाणारा कार्बन कोळशाच्या तुलनेत फारच कमी असतो. खापरखेडा, कोराडी, चंद्रपूर परिसरात राखेच्या शेजारी जगणाऱ्या माणसांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण ही वीज फुकट येत नाही. विहीर खोदण्याचा खर्च अफाट असतो आणि एवढा खर्च करून विहीर कोरडी निघण्याचा धोका असतो. पाण्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड वायू येतो. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो आणि प्रमाण वाढले तर तो विषारी असतो. खाऱ्या पाण्यात आर्सेनिक, बोरॉनसारखी द्रव्ये असू शकतात. ते परत जमिनीत न सोडता ओढ्यात सोडले तर गुरे आणि माणसे यांच्या जिवावर बेतते. जितके पाणी काढले तितके परत भरले नाही तर साठा आटतो आणि जमीन खचते. वैराकेईत जमीन कित्येक मीटर खचली. कॅलिफोर्नियातील गीझर्स हे जगातील सर्वात मोठे भूऔष्णिक क्षेत्र. तिथे बेसुमार उपसा झाल्याने दाब घसरला आणि शेवटी शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडावे लागले. दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. भूऔष्णिक प्रकल्पासाठी जमिनीत दाबाने सोडलेले पाणी त्याला कारणीभूत ठरले, असा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये काढला. १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या महाराष्ट्राला हे विसरता येणार नाही.

हे सर्व तांत्रिक धोके आहेत आणि तंत्रज्ञ त्यावर उपाय शोधू शकतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जमिनीखालची उष्णता कोणाची? तिच्यावर राहणाऱ्यांची, सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याची, की सरकारची? हा प्रश्न जगात एका देशाने फार महागात पडून शिकलेला आहे. तो देश म्हणजे केनिया.

पूर्व आफ्रिकेतून जाणाऱ्या प्रचंड खचदरीत, नैवाशा सरोवराच्या दक्षिणेला ओल्कारिया नावाचा परिसर आहे. तिथे १९५० च्या दशकात पहिल्या चाचणी विहिरी खोदल्या गेल्या आणि १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. आफ्रिका खंडातील भूऔष्णिक विजेची मोठी वाटचाल इथून सुरू झाली. आज केनियाची भूऔष्णिक क्षमता ९०० मेगावॅटहून अधिक आहे आणि देशातील एकूण विजेपैकी जवळपास निम्मी वीज जमिनीखालून येते. ज्या देशाकडे स्वतःचे तेल आणि कोळसा यांचा म्हणावा असा आधार नाही, पाऊस फसला की ज्याची जलविद्युत कोसळते, त्या देशाने स्वतःच्या भूमीतून वीज काढून दाखवली. अमेरिका, युरोपच्या तोंडाकडे पाहत न बसता एका गरीब देशाने हे केले, याचे कौतुक केलेच पाहिजे.

परंतु ओल्कारियाची जमीन रिकामी नव्हती. ती मसाई या पशुपालक जमातीची भूमी. १९०४ साली ब्रिटिशांनी मसाईंबरोबर करार केला आणि गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खचदरीतील उत्तम कुरणे, नैवाशाचा परिसर धरून, रिकामी करून घेतली. बदल्यात जी राखीव जमीन दिली, ती मसाई जमात अस्तित्वात असेपर्यंत त्यांचीच राहील, असे लिहून दिले. हे वचन सात वर्षे टिकले. १९११ साली दुसरा करार करून लैकिपियातील ती राखीव जमीनही काढून घेण्यात आली. तेव्हा मसाईंनी भाले उचलले नाहीत, ते कोर्टात गेले. १९१३ साली कोर्टाने काय सांगितले? हे करार दोन सार्वभौम सत्तांमधील तह आहेत, मसाई हे ब्रिटिश प्रजाजन नाहीत, म्हणून या तहांच्या भंगाची दाद या कोर्टात मागता येणार नाही! जमीन घेताना मसाई हे गुलाम आणि न्याय मागताना ते सार्वभौम राष्ट्र. कायद्याची भाषा किती क्रूर होऊ शकते याचे यापेक्षा लख्ख उदाहरण शोधून सापडणार नाही. वकिलीच्या व्यवसायात असलेल्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा. तांत्रिक मुद्द्यावर न्याय नाकारण्याची ही रीत गोऱ्या साहेबाबरोबर निघून गेली, असे कोणी समजू नये.

या इतिहासाच्या शंभर वर्षांनंतर ओल्कारियातील चौथे केंद्र उभे राहिले. १४० मेगावॅटचे हे केंद्र २०१४ साली सुरू झाले. जागतिक बँक, युरोपियन गुंतवणूक बँक यांचे कर्ज त्यामागे होते. त्याच वर्षी चार मसाई वस्त्या हलवून नव्या जागी वसवण्यात आल्या. वरवर पाहता हे पुनर्वसन आपल्याकडच्या कोणत्याही पुनर्वसनापेक्षा चांगले दिसते. पक्की घरे दिली, शाळा दिली, दवाखाना दिला, जमिनीची मालकी समाजाच्या नावे करण्याचे मान्य केले. तरीही ऑक्टोबर २०१४ मध्ये या मसाईंची तक्रार जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे पोहोचली. नवी जमीन घळींनी चिरलेली, पावसात रस्ता बंद, जनावरांना चरण्यासारखी जागा अपुरी, पर्यटकांवर चालणारे रोजगार दूर राहिलेले, आणि मालकीची कागदपत्रे हाती पडायला विलंब.

तपासणी मंडळाने २०१५ मध्ये दिलेला अहवाल वाचण्यासारखा आहे. बँकेने मसाईंना मूलनिवासी समाजांसाठी असलेल्या स्वतःच्याच धोरणाचे संरक्षण दिले नाही, हे त्यात नोंदवले आहे. चर्चा झाल्या, पण मसाईंच्या मा या भाषेत पुरेशा झाल्या नाहीत. त्यांच्या पारंपरिक ज्येष्ठांना बाजूला ठेवून प्रशासनाच्या सोयीच्या समित्यांमार्फत काम उरकले गेले. म्हणजे सभा झाल्या, सह्या झाल्या, फोटो निघाले, पण संमती मिळाली का, हा प्रश्न उरलाच. आपल्याकडच्या ग्रामसभांचे इतिवृत्त ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. अखेर मध्यस्थी झाली आणि २०१६ साली समाज आणि वीज कंपनी यांच्यात करार होऊन रस्ते, घरे, जमीन यांबाबतच्या दुरुस्त्या मान्य झाल्या. चार वस्त्यांतील गुराख्यांनी जागतिक बँकेला आपल्याच नियमांपुढे उभे केले, ही गोष्ट लहान नाही. १९१३ साली ज्या समाजाला कोर्टाच्या दारातून परत पाठवले, त्याच समाजाने शंभर वर्षांनी कागदाची लढाई कागदानेच लढून काही प्रमाणात जिंकली.

केनियाने यातून कायदाही सुधारला. १९८२ च्या कायद्याने भूऔष्णिक संपत्ती सरकारच्या मालकीची ठरवली होती. २०१० च्या संविधानाने सामुदायिक जमिनीला मान्यता दिली आणि नैसर्गिक संपत्तीच्या लाभाचे न्याय्य वाटप करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. २०१९ च्या ऊर्जा कायद्याने भूऔष्णिक विजेवर स्वामित्वधन ठरवले आणि त्यातील ७५ टक्के राष्ट्रीय सरकारला, २० टक्के जिल्हा पातळीवरील काउंटी सरकारला आणि ५ टक्के स्थानिक समाजाला, अशी वाटणी कायद्यातच लिहिली. पाच टक्के म्हणजे काही फार नव्हे. पण कायद्यात लिहिलेले पाच टक्के हे हक्क असतात आणि मंत्र्याने भाषणात दिलेले पन्नास टक्के ही भीक असते. हा फरक आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. लडाखमधील पुगा खोरे हे भारतातील सर्वाधिक आशादायक भूऔष्णिक क्षेत्र मानले जाते. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या या प्रदेशात चांगपा पशुपालक पश्मिना देणाऱ्या शेळ्या घेऊन फिरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासन आणि लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेबरोबर तिथे एक मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्राचा करार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकामाच्या वेळी भूगर्भातील द्रव उसळून पुगा नाल्यात मिसळल्याच्या बातम्या आल्या. नाल्याचे पाणी पिणारी जनावरे ज्यांची आहेत, त्यांच्याकडे त्या कुरणाचा सातबारा नाही. मसाई आणि चांगपा यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, परंतु प्रश्न एकच आहे. ज्याच्या नावावर कागद नाही, त्याचे नुकसान कोण मोजणार?

महाराष्ट्रात ठाणे, पालघरपासून रायगड, रत्नागिरीपर्यंत उष्ण झऱ्यांची रांगच आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, सातिवली, महाडजवळचे सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी. सर्वात उष्ण झऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश सेल्सियस आहे. इथे ओल्कारियासारखे ज्वालामुखी नाहीत, त्यामुळे शेकडो मेगावॅटची स्वप्ने कोणी दाखवू लागला तर आधी पुरावा मागावा. पण लहान केंद्रे, शेतमाल वाळवणे, शीतगृहे, गरम पाण्याचा थेट वापर यांना नक्कीच वाव असू शकतो. नैवाशाजवळ फुलांची शेती करणाऱ्यांनी काचघरे उबदार ठेवण्यासाठी भूऔष्णिक उष्णता वापरून दाखवली आहे.

मात्र आपल्याकडे कायद्याचे काय? उष्णता हे खनिज आहे का? खनिज म्हटले तर १९५७ चा खाण आणि खनिज कायदा आणि खाणबाधितांसाठी २०१५ मध्ये आलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. खनिज नाही म्हटले तर तो निधीही नाही. पाणी म्हटले तर महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०१३ रोजी केरळमधील जमीनधारकांच्या खटल्यात सांगितले की, कायद्याने काढून घेतले नसेल तर जमिनीखालच्या संपत्तीची मालकी सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर जाते. निकाल महत्त्वाचा आहे, पण त्याने सगळ्यांचे समाधान होत नाही. जमीनमालकाला हक्क मिळेल. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भूमिहीनाचे काय? कातकऱ्याचे काय? गावकुसाबाहेरच्या वस्तीचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेल्या शेतमजुराला, कुळाला, कारागिराला बाधित कुटुंब मानले आहे. ही मोठी तरतूद आहे. पण भूसंपादनच न करता भाडेपट्ट्याने जमीन घेतली तर ही तरतूद कितपत लागू होणार? इथेच पळवाटा निर्माण होतात.

या संदर्भात बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण आखण्याचे काम त्यांच्या खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी मांडणी केली होती. म्हणजे वीजनिर्मितीला विरोध करणे ही आपली परंपरा नव्हे. वीज कोणासाठी आणि कोणाच्या मालकीची, हे विचारणे ही आपली परंपरा आहे. जे चवदार तळ्याच्या पाण्याला लागू होते, ते जमिनीखालच्या उकळत्या पाण्यालाही लागू आहे. निसर्गाने दिलेले सर्वांचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, धोरणावर न थांबता संसदेने भूऔष्णिक संपत्तीचा कायदा करावा आणि तिची मालकी व वापराचा अधिकार त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहावा. दोन, स्वामित्वधनातील स्थानिकांचा वाटा कायद्यातच ठरवावा आणि स्थानिक म्हणजे केवळ खातेदार नव्हे, तर भूमिहीन, पशुपालक आणि आदिवासी हेही, अशी व्याख्या करावी. तीन, खोदकामापूर्वी ग्रामसभेची संमती त्यांच्या बोलीत, पूर्ण माहिती देऊन घ्यावी. चार, काढलेले पाणी परत जमिनीत सोडणे बंधनकारक करावे आणि परिसरातील विहिरी, ओढे यांची तपासणी करून निष्कर्ष गावात लावावेत. पाच, पहिली वीज त्या गावाला, मग शहराला.

उष्ण झरे असलेल्या गावांतील कार्यकर्त्यांनी आणि तरुण वकिलांनी आतापासूनच तयारीला लागावे. सर्वेक्षणाची गाडी गावात आली की ती कोणाची, कोणत्या आदेशाने आली, याची माहिती अधिकाराचा अर्ज करून नोंद ठेवावी. भूमिहीनांची वास्तव्याची, रोजगाराची कागदपत्रे आजच गोळा करावीत, कारण भूसंपादन कायद्यातील तीन वर्षे ही प्रकल्प आल्यानंतरची नसून आधीची आहेत. वाफेचा दाब कमी झाला की टर्बाइन थांबते. लोकांचा दाब कमी झाला की कायदा थांबतो.